भांडणाच्या केसमध्ये नाव आहे, नर्सिंगच्या फॉर्मवर काय लिहू?

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, माझी बारावी सायन्स झाली, सीईटी दिली, बी.एस्सी. नर्सिंगला कॉलेज मिळतंय. 2023 मध्ये, मी अकरावीत असताना, बांधावरून भावकीत मारामारी झाली. समोरच्यांनी वडील, चुलते, आई यांच्यासोबत माझंही नाव दिलं. भादंवि 324 (हत्याराने दुखापत), 323 (साधी मारहाण), 504 (अपमान), 506 (धमकी) आणि 34 (मिळून केलेला गुन्हा) अशी कलमं आहेत. केस तालुक्याच्या कोर्टात आहे, तारखा पडतात. कॉलेजच्या फॉर्ममध्ये 'आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल अथवा प्रलंबित आहे काय' असा रकाना आहे. प्रवेशाचं बघणारा एजंट म्हणतो, 'नाही' लिहा, कोण बघतंय. खरं लिहिलं तर प्रवेश जाईल का? पुढे सरकारी नोकरीचं काय?"

एजंटचं ऐकू नकोस. त्या रकान्यात 'हो' लिही आणि सोबत अर्ध्या पानाचा खुलासा जोड. खुलासा कसा लिहायचा ते खाली सांगते. तुझ्यावर लागलेल्या कलमांमुळे नर्सिंगचा रस्ता बंद होत नाही. खोट्या 'नाही'मुळे तो बंद होऊ शकतो, आणि तोही आज नाही. चार वर्षं शिकून, नोंदणी करून, नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर होतो. त्या वेळी एजंट कुठेही नसतो, सही तुझी असते.

"कोण बघतंय" याचं उत्तर आधी देते, कारण वीस वर्षांपूर्वी असं म्हणण्यात थोडा तरी अर्थ होता. आता पोलीस ठाण्यांच्या नोंदी सीसीटीएनएस या देशभरच्या प्रणालीत जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर, संवेदनशील गुन्हे सोडले तर, एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. ई-कोर्टच्या अ‍ॅपवर पक्षकाराचं नाव घालून कुणीही तालुक्याच्या कोर्टातली केस शोधू शकतं. एचआरमध्ये बसलेला माणूसही हे करतो. आणि ज्या भावकीशी वाद आहे, तिला तुझ्या प्रवेशाची बातमी लागणारच आहे. निनावी अर्ज कॉलेजपर्यंत पोहोचलेले मी पाहिले आहेत. मुलीने आधीच लिहून दिलं असेल तर अशा अर्जावर प्राचार्यांना फक्त "आम्हाला माहीत आहे" एवढं म्हणावं लागतं.

आता तुझ्या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती तू सहज लिहून गेलीस आणि बहुधा तुमच्या वकिलांच्याही नजरेतून सुटली आहे. तू अकरावीत होतीस. म्हणजे घटनेच्या दिवशी अठरा वर्षांच्या आत होतीस. तसं असेल तर तुझं प्रकरण वडील-चुलत्यांसोबत त्या कोर्टात चालायलाच नको. बाल न्याय कायदा 2015 नुसार मुलाचं आणि प्रौढांचं प्रकरण एकत्र चालवता येत नाही. तुझा भाग वेगळा काढून जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाकडे जायला हवा. वय घटनेच्या तारखेचं धरतात. आज तू अठराची झालीस म्हणून काही बदलत नाही. हा मुद्दा कोणत्याही कोर्टात, केसच्या कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो, अगदी निकाल लागून गेल्यावरही. पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र आधी बघतात. ते तुझ्याकडे आहेच.

याने काय होतं? याच कायद्याचं कलम 24 सांगतं की मुलाने केलेल्या गुन्ह्यावर या कायद्याखाली कारवाई झाली असेल, तर दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता त्याला लागत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर त्या नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालू शकतो, पण तो अतिशय गंभीर गुन्ह्यांत. तुझी कलमं त्या यादीच्या आसपासही नाहीत. 324 ला जास्तीत जास्त तीन वर्षं, 323 ला एक, 504 ला दोन, आणि 506 चा साधा भाग असेल तर तिथेही दोन. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले गुन्हे हा कायदा किरकोळ गटात धरतो, आणि अशा गुन्ह्याची चौकशी मंडळाने चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिने घेऊन पूर्ण करायची असते. नाही झाली तर कार्यवाही तिथेच संपते. तालुक्याच्या कोर्टात तारखा पडत राहणं आणि हे, यातला फरक तुझ्या लक्षात येईल.

म्हणून दहावीचं प्रमाणपत्र घेऊन वकिलांकडे जा आणि वयाच्या मुद्द्यावर अर्ज करायला सांग. वडिलांचे वकील तेच तुझेही वकील असतील आणि "सगळे एकत्रच राहू द्या" म्हणत असतील, तर तुझ्यासाठी वेगळा वकील घे. पैशाची अडचण असेल तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण असतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे महिलांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. 15100 हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक आहे. यात कमीपणा मानू नये. हा तुझा हक्क आहे.

आता फॉर्म. रकाना भरण्याआधी प्रश्न शब्दाशब्दाने वाचायचा, कारण फॉर्म-फॉर्मला तो वेगळा असतो. "दोषी ठरवले आहे काय" असं विचारलं असेल तर तुझं खरं उत्तर 'नाही' आहे, कारण तुला कुणी दोषी ठरवलेलं नाही. "गुन्हा दाखल अथवा प्रलंबित आहे काय" असं विचारलं असेल तर आजच्या तारखेला उत्तर 'हो'. "अटक झाली होती काय" हा तिसराच प्रश्न. नोटीस देऊन सोडलं असेल तर अटक झालेली नाही, पण अटक करून लगेच जामीन झाला असेल तर झालेली आहे. कुटुंबातल्या मोठ्यांना हे नीट आठवत नसतं. वकिलांकडून एफआयआरची प्रत, दोषारोपपत्र आणि जामिनाचा कागद मागून घे, आणि जे कागदावर आहे तेच लिही. विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्यायचं. न विचारलेलं सांगायची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयानेही अवतार सिंग प्रकरणात 2016 मध्ये हेच सांगितलं की फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा, आणि जे नेमकं विचारलं तेवढंच उमेदवाराने उघड करणं अपेक्षित आहे. तो निकाल नोकरीबद्दल आहे, पण प्रवेशाचा फॉर्म भरतानाही तोच धडा धरावा.

खुलासा साधारण असा लिही: "सन 2023 मध्ये शेतीच्या बांधाच्या वादातून माझ्या कुटुंबीयांविरुद्ध अमुक पोलीस ठाण्यात गुन्हा रजिस्टर क्र. अमुक दाखल झाला. त्यात माझेही नाव आहे. घटनेच्या वेळी मी अमुक वयाची असून इयत्ता अकरावीत शिकत होते. प्रकरण अमुक न्यायालयात प्रलंबित आहे. मला कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही. माझ्या वयाबाबत न्यायालयात अर्ज दिला आहे. निकाल लागताच महाविद्यालयास लेखी कळवीन. सोबत एफआयआर व वयाचा पुरावा जोडला आहे." बस. समोरचे कसे वाईट आहेत, मोजणी कुणी चुकीची केली, हे त्यात आणू नकोस. केस चालू आहे, तेव्हा नेमकं काय घडलं याचं वर्णनही करू नकोस. हा कागद पुढे कुठेही वापरला जाऊ शकतो. मसुदा वकिलांना दाखव आणि एक प्रत आवक शिक्का मारून स्वतःकडे ठेव. तो शिक्का फार महत्त्वाचा आहे. चार वर्षांनी कुणी विचारलं तर "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं" याला पुरावा तोच.

कॉलेज काय करेल? सीईटी आणि त्यानंतरच्या फेऱ्या गुण, अधिवास, प्रवर्ग, वैद्यकीय पात्रता या कागदांवर चालतात. गुन्ह्याचा रकाना असतो तो बहुतेक कॉलेजच्या किंवा वसतिगृहाच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र वेगळं. ते फक्त रॅगिंगबद्दल असतं, त्यात ही केस येत नाही. मी प्रवेश समितीवर बसले आहे, म्हणून सांगते, भावकीच्या भांडणात घरातल्या पाच-सहा जणांची नावं सरसकट घातलेली असतात हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. गावाकडून आलेल्या मुलामुलींच्या फायलीत असं प्रकरण निघालं तर आम्ही दोन गोष्टी बघतो: मुलीने स्वतःहून सांगितलं का, आणि प्रकरण कशाचं आहे.

या दुसऱ्या गोष्टीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे उत्तर वाचणाऱ्या इतरांची प्रकरणं वेगळी असतील. आम्हाला कलमाच्या आकड्यापेक्षा वॉर्डची काळजी असते. पहिल्या वर्षातच मुली पेशंटजवळ जातात. पेशंट बेशुद्ध असतो, ऑपरेशनला जाताना अंगावरचे दागिने नातेवाईक नसतील तर सिस्टरच्या ताब्यात येतात, मॉर्फिन-फेंटानिलसारखं नशा आणणारं वेदनाशामक औषध दुहेरी कुलपात असतं आणि त्याचा एकेक अँप्यूल रजिस्टरमध्ये उतरवून दोघींच्या सह्या होतात. म्हणून चोरी, फसवणूक, बनावट गुणपत्रिका, अमली पदार्थ, लहान मुलावर किंवा परावलंबी माणसावर अत्याचार, अशी प्रकरणं कलम छोटं असलं तरी आमच्यासाठी छोटी नसतात. उलट मोर्चात घोषणा दिल्या, जमावबंदीत सापडले, गाडी निष्काळजीपणे चालवली, शेजाऱ्यांशी हाणामारी झाली, यांत तरुण वय आणि पुढची वागणूक बघून माणूस सामावून घेतला जातो, आणि घेतला जावाच. चोरीच्या केसमधून निर्दोष सुटलेल्या मुलीलाही मी हेच सांगेन की शिकायला ये, पण निकालाची प्रत घेऊन ये, आणि निकाल पूर्ण वाच. न्यायाधीशांनी आरोप खोटा ठरवला की साक्षीदार फिरले म्हणून सोडलं, हा फरक पुढे नोकरी देणारे बघतात.

आणि खरेपणाचा आग्रह आम्ही का धरतो तेही सांगते. रात्रपाळीत दोन वाजताचं इंजेक्शन द्यायचं राहिलं तर ते चार्टवर 'राहिलं' असंच लिहावं लागतं. सकाळी ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घेणारी सिस्टर आणि राउंडला येणारे डॉक्टर तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवून पुढचा डोस ठरवतात. जी मुलगी प्रवेशाच्या फॉर्मवर अडचणीचं खरं लिहिते, ती चार्टवरही लिहील, असा आमचा अंदाज असतो. तो बहुतेक वेळा बरोबर निघतो.

तुझ्या केसबाहेरच्यांसाठी आता काही खुलासे, कारण "माझ्यावर केस आहे" म्हणणाऱ्या निम्म्या मुलांना आपल्यावर नेमकं काय आहे हेच माहीत नसतं. एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, ही एफआयआर नाही. नुसतं 323, 504, 506 असेल तर बहुतेक वेळा एनसीच झालेली असते आणि पुढे काही घडलेलं नसतं. ठाण्यातून तिची प्रत मिळते, ती घेऊन ठेवावी. चॅप्टर, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 107 किंवा 151, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 126 आणि 170, ही शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई आहे, तो गुन्हा सिद्ध होणं नाही. मात्र बंधपत्र लिहून दिलं असेल तर ते लक्षात ठेवा, सरकारी फॉर्ममध्ये त्याबद्दल वेगळा प्रश्न असतो. तपासानंतर पोलिसांनी बी किंवा सी समरी (तक्रार खोटी किंवा गैरसमजातून झाली असा अहवाल) पाठवली आणि कोर्टाने ती मंजूर केली तर त्या आदेशाची प्रत हवी. वाहतुकीचं ई-चलान भरलं म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही.

एका ठिकाणी मात्र मुलं हमखास फसतात. "गुन्हा कबूल करून दंड भरा, आजच मिटवून टाका" असा सल्ला कोर्टाच्या व्हरांड्यात सर्रास मिळतो. दंड पाचशे असो की हजार, गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषसिद्धी. ती मिटत नाही, कायमची लागते. नर्सिंगला किंवा कोणत्याही सरकारी नोकरीला जायचं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हे करू नका. तडजोड होत असेल तर ती योग्य रस्त्याने करा. 323, 504, 506 यांसारखी कलमं दोन्ही बाजूंच्या तडजोडीने कोर्टातच मिटतात आणि कायद्याने त्याचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. 324 तसं थेट मिटत नाही. तिथे दोन्ही बाजूंच्या संमतीने उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्यासाठी जावं लागतं, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 482, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं 528. तुझ्या वडिलांच्या केसचं हे होऊ शकतं. भावकीत बोलणं चालू असेल तर थांबवू नका. दोषी ठरूनही ज्यांना परिवीक्षेवर, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर, सोडलं, त्यांच्यासाठी 1958 च्या कायद्याचं कलम 12 आहे. त्याने दोषसिद्धी पुसली जात नाही, पण तिच्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. फॉर्ममध्ये दोषसिद्धी लिहायची आणि तो आदेश सोबत जोडायचा.

निकाल काहीही असो, कोर्टाच्या नकला विभागात अर्ज करून सही-शिक्क्याच्या दोन-तीन प्रती काढून ठेवाव्यात. जुनं प्रकरण शोधायला पुढे फार त्रास होतो.

आता सरकारी नोकरी. जिल्हा परिषद, वैद्यकीय शिक्षण विभाग, एम्स, सैन्यातली नर्सिंग सेवा, कुठेही निवड झाली की साक्षांकन नमुना भरून घेतात आणि तो पोलिसांकडे पडताळणीला जातो. केंद्र सरकारच्या नमुन्यात प्रश्न अगदी सुटे असतात: कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्ध केलं का, बंधपत्र घेतलं का, दंड झाला का, दोषी ठरवलं का. वरच ताकीद छापलेली असते की खोटी माहिती किंवा लपवणूक ही अपात्रता समजली जाईल. माणसं नोकरीतून जातात ती बहुतेक याच कागदामुळे. अवतार सिंग निकालाने बरंच स्पष्ट केलं आहे. माहिती खरीच हवी. किरकोळ प्रकरण प्रलंबित असताना उमेदवाराने खरं सांगितलं तर नेमणूक देता येते. तरुण वयातल्या क्षुल्लक गुन्ह्याची लपवणूकही नियोक्ता त्याच्या विवेकाने माफ करू शकतो. पण खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असंही नाही, पूर्वचारित्र्य तपासायचा हक्क नियोक्त्याला राहतो. त्याआधी 2011 मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या संदीप कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तारुण्यातल्या चुकांकडे समजुतीने बघावं असं म्हटलं होतं. हे निकाल तुझ्या बाजूचे आहेत, पण त्यांच्या भरवशावर लपवायचं नसतं. ज्यांनी लपवलं त्यांना तिथपर्यंत पोहोचायला कित्येक वर्षं कोर्टात घालवावी लागली.

मंडळाचा आदेश होऊन तुझ्या नोंदी नष्ट झाल्या की पुढच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं हा प्रश्न वेगळा होईल. बालपणीचं प्रकरण पुन्हा पुन्हा उकरलं जाऊ नये हाच त्या कायद्याचा हेतू आहे. तेव्हा आदेश हातात घेऊन, त्या फॉर्ममधला नेमका प्रश्न वाचून, वकिलांच्या सल्ल्याने उत्तर ठरव. आज मात्र केस चालू आहे, म्हणून आजचं उत्तर 'हो'.

खासगी मोठ्या रुग्णालयांत नेमणुकीआधी बाहेरच्या कंपनीकडून पडताळणी करून घेतात. तिथेही हीच फाइल पुरते.

परदेशाचा विचार असेल तर पासपोर्ट आधी. फौजदारी कोर्टात प्रकरण प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, पण 25 ऑगस्ट 1993 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार त्या कोर्टाची परवानगी आणली तर मर्यादित मुदतीचा मिळतो. तुझा भाग मंडळाकडून निकाली निघाला की ही अडचणच राहणार नाही, म्हणून पासपोर्टची घाई करू नकोस. ब्रिटनची नर्सिंग परिषद नोंदणीआधी पोलिसांचा दाखला मागते, ऑस्ट्रेलियात गुन्हेगारी पूर्वेतिहास तपासतात, अमेरिकेत राज्याचं नर्सिंग बोर्ड बोटांचे ठसे घेतं. टेक्ससमध्ये तर शिक्षण सुरू करण्याआधीच "माझ्यावर असं प्रकरण आहे, पुढे परवाना मिळेल का" असं बोर्डाला विचारून लेखी उत्तर घेण्याची सोय आहे. आपल्याकडे तशी सोय असती तर कितीतरी मुलांची धास्ती कमी झाली असती. आपल्याकडे तुला तेच काम प्राचार्यांना भेटून करावं लागेल. प्रवेश निश्चित करायला जाशील तेव्हा खुलासा आणि कागद घेऊन पाच मिनिटं वेळ माग, आई किंवा वडिलांना सोबत ने, पण बोल तू स्वतः. आणि त्याआधी, कोर्टाची पुढची तारीख यायच्या आत, वयाचा अर्ज दाखल झालेला असू दे, म्हणजे खुलाशातलं ते वाक्य खरं ठरेल.